तळाचा मासा वर का आला

मुलांनो, टिटवाळ्याच्या एका नव्या इमारतीतलं तिसऱ्या मजल्यावरचं घर डोळ्यांसमोर आणा. दाराबाहेर चपलांचा ढीग. आत वीस-पंचवीस माणसं, आणि सगळ्यांची नजर काचेच्या एका टाकीवर. टाकीच्या तळाशी बोटाएवढे तीन मिशीवाले मासे. आपल्या शिंगाळ्याच्या गोतातले, पण दूरदेशीचे, नाव कोरी.

"सुदेश, आहेस का रे बाळा?" हरिहरबुवांनी हाक घातली.

तळातला एक मासा सुसाट वर आला, पाण्याबाहेर तोंड काढून पुन्हा खाली गेला.

"शिवला! शिवला!" माणसांनी हात जोडले.

भिंतीला टेकलेल्या संचिताला काहीच वाटलं नाही. तिचे बाबा, सुदेश, गेल्यापासून दोन महिने तिला काही वाटतच नव्हतं. आई कामावर जाई, परत येई, ताटं वाढी, बोलत नसे. दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नव्हता, आणि तो काटा रंगूआजीच्या मनात रुतून बसला होता. आठवड्यापूर्वी पहिल्यांदा आले तेव्हा बुवांनी नेमका तोच धरला होता.

"कावळा कसा शिवणार? तुमचा सुदेश इथंच राहिलाय, आवडत्या टाकीत. आत्म्याला खडखड चालत नाही, टाकीतला हवेचा पंप बंद ठेवा. आणि रोज दहीभाताचा घास पाण्यात सोडा."

"पण बुवा, मासे तीन. त्यातला सुदेश कुठला?" आज शेजारच्या नीलाकाकूंनी विचारलं.

"ताई, आत्म्याला कार्पेट एरिया नसतो!"

मग बुवांनी टाकीला विचारलं, "सुदेश, आईच्या साखरेच्या आजारावरच्या गोळ्या बंद करायच्या ना?" मासा वर आला. आजीने गोळ्यांचा डबा देव्हाऱ्यामागे ठेवून दिला.

चौथ्या दिवशी आजी मोरीच्या दारात चक्कर येऊन बसली. तेव्हा मात्र संचिताने तिला आधार देऊन आत निजवलं. ती टाकीसमोर बसली आणि मोजू लागली. बुवा नाहीत, हाक नाही. तरी दहा मिनिटांत मासे चौदा वेळा वर आले.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत बुवांच्या आधी तीच बोलली. "बाबा, दोन नि दोन पाच ना?"

मासा वर आला.

"आणि हरिहरबुवा थापा मारतात ना?"

दोन मासे वर आले. मागे कुणीतरी खुदकन हसलं.

"पोरीची जीभ बघा!" बुवा तडकले.

"मी भात काढते, पाणी बदलते, पंप लावते. उद्या परत विचारा."

"आत्मा कोपेल!"

"अहो, माझा सुदेश त्या पंपाच्या आवाजाशिवाय झोपायचा नाही," आजी हळूच म्हणाली. "त्याला कसला कोप? लाव गं."

बाबा करायचे तसंच संचिताने केलं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जावं म्हणून रात्रभर बादलीत पाणी भरून ठेवलं. सकाळी नळीने तळातला आंबलेला भात ओढून काढला, थोडं पाणी बदललं, पंप लावला.

संध्याकाळी बुवांनी वीस हाका मारल्या. आवाज चढत गेला. मासे मिशांनी वाळू चाचपत राहिले. शेवटी बुवांना शीळफाट्याचं तातडीचं बोलावणं आठवलं.

"बाबांनी सांगितलेलं," संचिता म्हणाली, "पाण्यात प्राणवायू कमी पडला की हे मासे वर येऊन हवा गिळतात. एरवी क्वचित येतात. पंप बंद, त्यात भात सडत होता. तोही पाण्यातला प्राणवायू संपवत होता. जितका नैवेद्य जास्त, तितके मासे वर. ते हाकेला येत नव्हते. गुदमरत होते."

एकेक जण चपला शोधू लागला.

मुलांनो, चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी एवढंच करा. एखादी गोष्ट बदला आणि पुन्हा बघा. खरं असेल तर ते पुन्हा दिसेलच. आणि कुणी औषध बंद करायला सांगितलं, तर आधी डॉक्टरांना विचारा.

घर रिकामं झालं. पंपाचे बुडबुडे तेवढे वाजत होते.

"म्हणजे तो इथं नाही?" आजीने विचारलं.

"नाही, आजी."

"मग कावळा का नाही गं शिवला?"

संचिताने थोडा विचार केला. "त्या दिवशी घाटावर आपल्या आधी चौघांचे पिंड होते, आजी. त्याचं पोट भरलं असेल."

आजी टाकीकडे बघत राहिली. संचिता उठली. देव्हाऱ्यामागचा डबा काढून तिने एक गोळी आजीच्या तळहातावर ठेवली, आणि आजीने ती गिळेपर्यंत पाण्याचा पेला धरून उभी राहिली.