झोपेतला डाग

टॅबलेटच्या पडद्यावरच्या जलरंगात चूक टिकत नाही. काचेवर दोन बोटांनी टिचकी मारली की एक पाऊल मागे. ओघळ मागे, डाग मागे, जाड झालेली कंबर मागे. अकरा वर्षं फॅशनची चित्रं काढतेय. आता जेवतानाही बोटं ताटाच्या कडेवर टिचक्या मारतात.

मालकिणीचा फोन आला तेव्हा मी काम करत होते.

मागे.

फोनने जाग आली. दुपारचे चार. गालावर पेनाचा वळ.

"नमुन्याचा ड्रेस आलाय," कपड्यांच्या कंपनीची मालकीण म्हणाली. "घेराला खाली डाग कसला? तुझ्या चित्रात आहे, की तुझ्या आत्याने कापड बिघडवलं? स्पष्ट सांग. रंगवायचं काम दुसरीकडे देते."

"बघून सांगते, मॅडम."

चित्र उघडलं. निळ्या घेराच्या डाव्या बाजूला, पाणी सांडून वाळावं तसा डाग. कडेला गडद, मध्ये फिकट, कोबीच्या पानासारखा. हा मी काढलेला नाही.

मागे.

मीच काढलाय. मागच्या महिन्यात दहा चित्रं एका दमात करायची होती. तिसऱ्यावर, पेन काचेला टेकलेलं असताना डोळा लागला. ओला ब्रश पसरत राहिला असणार. उठले ती चौथ्यामागे लागले. तिसरं तसंच गेलं.

आत्याला फोन लावला. चाळीस वर्षं ती रंगाच्या टाक्यांच्या वाफेत उभी आहे.

"आत्या, तो डाग..."

"जमला ना? अगं, जीव खाल्ला मेल्याने. सहा तुकडे वाया गेले. शेवटी चहाच्या गाळणीतून पाणी सोडलं, तेव्हा कुठे कड धरली."

"मला विचारायचंस तरी."

"काय विचारू? म्हटलं, पोरीने काढलंय म्हणजे काहीतरी डोक्यात असेल. तुझं डोकं लहानपणापासून तिरकंच." ती हसली. "कोपरापर्यंत निळी झालेय. शेजारीण म्हणते, गळ्यापर्यंत कधी? का गं, मालकीण काही बोलली?"

"नाही."

टेबलावर दोन बोटांनी टिचकी मारली. काही मागे गेलं नाही. मालकिणीला फोन केला.

"चित्रात आहे, मॅडम. आत्याने बरोबर रंगवलंय."

"म्हणजे तू मुद्दाम काढलास?"

"हो."

"मग आधी नाही का सांगायचं! मला तर आवडलाय. उरलेल्या नऊ चित्रांत घाल. असाच, पण प्रत्येकात वेगळा. आज सातपर्यंत पाठव."

पहिला डाग ढगासारखा झाला. मागे. दुसरा फुटक्या बशीसारखा. मागे. तिसरा छान जमला, मुद्दाम काढल्यासारखा. मागे. मनगट ठणकायला लागलं.

साडेपाचला पेन घेरावर टेकवलं, डोकं दंडावर ठेवलं, डोळे मिटले. पडेल तसा पडू दे.

इतकी दमले होते की झोपही येईना.

फोन वाजला. आत्या.

"अगं, मालकीण म्हणते अजून नऊ! झाले का काढून?"

"झोपून काढतेय."

"मजा आहे बाई तुझी," आत्या म्हणाली. तिच्या मागे टाकीत पाणी भरत होतं. मी डोळे मिटूनच ते ऐकत राहिले.