घेराएवढी जागा

लुगड्याला वास होता. तपकिरीचा, खोबरेल तेलाचा आणि तुळसाबाईच्या घामाचा. जमनाबाई नाक टाळून तोंडानंच श्वास घेत होती.

तुळसाबाईच्या वावरात ती कापूस वेचायला जायची, म्हणून लुगडं-चोळी एका दिवसापुरती मिळाली. देताना तुळसाबाईनं वरूनच टाकली. "धुऊन आणजो. दोन डाव धुजो."

माझं अंग लागेल म्हणून दोनदा, आणि तुझं लागलंय त्याचं काय, असं जमनाबाईच्या अगदी ओठावर आलं होतं. गिळलं. सव्वीस जानेवारीला तिची लेक गोमती शाळेत लेझीम खेळणार होती. नुसती खेळणार नव्हती, सगळ्या पोरींच्या पुढं उभी राहून डाव सांगणार होती. तांड्यातली पोरगी, आणि अख्ख्या गावाच्या पोरी तिच्या तोंडाकडे बघून पाय उचलणार!

गोमती आठ दिवस मागं लागली होती. "याडी, तू आपला घागराच घालून ये. पोरीयले तुह्या घागऱ्याचे आरसे पाहाचे हायेत. मी त्यायले दप्तरावर तसेच आरसे लावाले शिकवले."

"येतो ना," जमनाबाई म्हणाली होती. घागऱ्याचं मात्र तिनं मनात वेगळंच ठरवलं. पोरगी कशीबशी त्यांच्यात मिसळली, आता आईच्या घागऱ्याकडे बोट दाखवून कोणी तिला पुन्हा बाहेर काढायला नको. कानशिलावरच्या चांदीच्या घुगऱ्या तिनं पदराखाली दडवल्या. मनगटातल्या बांगड्या काढून ठेवल्या. दंडातले पांढरे चुडे तेवढे राहिले. नवरा, सोमला, जिवंत असेपर्यंत ते काढायचे नव्हते. चोळीच्या बाह्या त्यांच्यावर ओढून बसवताना दंड काचून लाल झाले.

पटांगणात ती अगदी मागं, बायकांच्या घोळक्यात बसली. कोणी ओळखलं नाही. लमाणणीचं तोंड कोण पाहतं? लोक घागरा पाहतात.

शेजारी चतुराबाई होती. तिची नात कौतिका गोमतीच्याच वर्गात. चतुराबाई दातांना मिसरी घासत होती आणि जिथं बसली तिथंच, जमनाबाईच्या पायाजवळ, काळं थुंकत होती.

"कोणाची व तू?"

"तुळसाबाईच्या मायेरची."

"बरं झालं आली. पाय आता तमाशा." चतुराबाईनं चूळ भरली, तीही तिथंच टाकली. जमनाबाईनं गोमतीसाठी पदरात भाजलेल्या शेंगा आणल्या होत्या. त्यातल्या मूठभर चतुराबाईनं न विचारताच उचलल्या. "त्या लमाणाच्या पोरीले मास्तरानं डोक्यावर बसवून ठेवलं. रांजणातलं पाणी तेच काढून देते सगळ्यायले. आमची कौतिका पेते गटागटा. मले तं आयकूनच वकारी येते, माय. हे लोक आंगोळ करतेत का कधी? यायच्या हातचं खाव-प्याव कसं माणसानं?"

बोलता बोलता ती शेंगा फोडत होती, दाणे तोंडात टाकत होती. टरफलाचा तुकडा ओठाला चिकटला होता.

"खरं हाय का नाही?"

"हो, माय," जमनाबाई म्हणाली.

म्हणाली, आणि तिला स्वतःचीच अशी किळस आली की वाटलं, त्या काळ्या थुंकीपेक्षा आपली जीभच घाण.

ओट्यावर पोरी रांगेत उभ्या राहिल्या. सगळ्यांच्या पुढं गोमती, तेल लावून चोपून बसवलेले केस, हातात लेझीम. जगदेव मास्तरांनी खूण केली. गोमतीनं लेझीम उचलली नाही. ती गर्दीत बघत होती. एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. नजर जमनाबाईवरून गेली आणि पुढं सरकली.

"चालू करा ना मास्तर," खुर्चीतून मारोतराव पाटील म्हणाले. "उन्हं वर आली."

"माही याडी नाई आली," गोमती म्हणाली.

मागं खसखस पिकली. "तांड्यातच राह्यली असंल. दारूच्या भट्टीचं गुळाचं रसायन कोण पाहीन मंग?" कोणीतरी पुरुष बोलला.

कौतिकानं आपली लेझीम खाली ठेवली. "तिची माय आल्याबिगर आमी नाई खेळत." एकेक करत सगळ्या पोरींनी लेझिमी खाली ठेवल्या.

मास्तरांनी पाटलांकडे पाहिलं, पोरींकडे पाहिलं. "थांबू मग," ते म्हणाले. "रस्ता लांब आहे. येतील त्या."

"पाय, कशी थेरं लावली," चतुराबाई पुटपुटली. "आन आमची भवानी तिच्याच मागं."

जमनाबाईनं डाव्या बाहीत बोटं घातली आणि ती वर ओढली. शिवण टरकन उसवली. मग उजवी. पदर मागं सारला तशा घुगऱ्या किणकिणल्या. ती उठून उभी राहिली, दोन्ही हात वर केले आणि दंडातले चुडे खडखड वाजवले. वेचणीला जाताना लांबून पोरीला हाक मारायची तिची तीच रीत होती.

गोमतीचं तोंड उजळलं.

चतुराबाई बसल्या बसल्या बाजूला सरकली. तोंडातले दाणे तिनं तळहातावर थुंकले.

"थुकू नको, बाई," जमनाबाई म्हणाली. "शेंगा तुळसाबाईच्या वावरातल्या हायेत. हात तेवढा माहा लागला. त्यानं मेली नाईस अजून."

घोळका आपोआप फाटला. उसवलेल्या बाह्या लोंबत असताना ती त्यातून पुढं गेली. वास अजून सोबत होताच.

सगळ्यात पुढं एक सतरंजी अंथरली होती. तिच्यावर कोणी बसू नये म्हणून चारी कोपऱ्यांना पोरींची आरशांची दप्तरं ठेवलेली. कौतिकानं धावत येऊन एक दप्तर उचललं. "बसा, मावशी. घागरा पसरून बसाले पुरली पायजे म्हणून आमी एवढी मोठी जागा धरली."

जमनाबाई बसली. लेझीम सुरू झाली. गोमतीनं पाय उचलला, तसा सगळ्या पोरींनी उचलला.

तुळसाबाईच्या लुगड्यात तिच्यानं सतरंजीचा एक कोपरा तेवढा भरला. बाकीची जागा, घागऱ्याच्या घेराएवढी, तिच्याभोवती रिकामीच राहिली.