रिकाम्या काट्यावर साठ किलो

सौंदडजवळच्या त्या राईस मिलच्या धरमकाट्यावर रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी साठ किलो वजन यायचं. काट्यावर ट्रक नसायचा, ट्रॅक्टर नसायचा, साधं कुत्रंही नसायचं. केबिनमध्ये बसलेली दुर्गा कॉम्प्युटरच्या पडद्यावर तो आकडा बघत राहायची. पाच मिनिटं साठ दिसायचे, मग पुन्हा शून्य व्हायचं.

दुसरी कोणी असती तर पहिल्याच दिवशी नोकरीला रामराम ठोकून घरी गेली असती. दुर्गा गेली नाही, कारण त्या साठ किलोंची तिला ओळख होती. तिचा नवरा देवीदास बारा वर्षं याच काट्यावर ऑपरेटर होता. रोज आठ दहाला, पहिली गाडी घेण्याआधी, तो स्वतः काट्यावर उभा राहायचा, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत घोटत, आणि केबिनमधल्या चैनलाल चौकीदाराला ओरडून विचारायचा, किती? चैनलाल सांगायचा, साठ. काटा दहाच्या पटीतच बोलतो, त्यामुळे देवीदासचे अठ्ठावन्न त्याला साठच दिसायचे. खर्रा तोंडात गेला की देवीदास उतरायचा आणि दिवसाचं काम सुरू व्हायचं.

झिरो करायचा तो रिकाम्या काट्यावरच, हे त्याने जेवता जेवता दुर्गाला दहादा ऐकवलं होतं. वर कोणी उभं असताना झिरो केला तर मशीन त्या माणसाला मोजतच नाही, आणि तो उतरला की तेवढंच वजन उणे दाखवतं. चैनलालने एकदा हा पराक्रम केला होता. देवीदास वर उभा असतानाच त्याने बटन दाबलं आणि अर्धा दिवस मिलमध्ये येणारा प्रत्येक ट्रक साठ किलोने हलका भरला. शेठने त्याची जी काही पूजा बांधली ती सौंदडच्या स्टेशनापर्यंत ऐकू गेली म्हणतात.

मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी देवीदास घरून निघाला तो मिलवर पोचलाच नाही. सायकल कालव्याच्या काठावर सापडली, माणूस सापडला नाही. शेठने दुर्गाला त्याच्या जागी बसवलं, तेवढी माणुसकी दाखवली. आता वर्ष होत आलं होतं. सासू धुरपताबाई म्हणत होती, भंतेजींना बोलावू, गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन करून टाकू. दुर्गा काही केल्या ऐकत नव्हती. जिवंत माणसाच्या फोटोपुढे मेणबत्ती कशी लावायची?

म्हणून तर तो आकडा तिच्या जिवाला लागला होता. ती मशीनची खोड असेल, तर देवीदास कुठेतरी जिवंत असू शकत होता. खोड नसेल, तर रोज सकाळी काट्यावर कोण उभं राहतं हे वेगळं सांगायला नको होतं. चैनलालने आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता. आठला मिलची लाइन, म्हणजे वीज, आली की तो गेटबाहेर जायचा आणि सव्वाआठच्या आत काही परतायचा नाही.

अशात शेठला नव्या विंडोजची हौस आली आणि मुर्रीहून हेमेंद्र आला. हा गडी बायकोपेक्षा कॉम्प्युटरशी जास्त बोलणारा. त्याने खोका उघडला, धूळ उडवली, प्रोसेसर बघितला आणि कपाळावर हात मारला. शेठला हवी होती अकरा, आणि प्रोसेसर निघाला दुसऱ्या पिढीचा. आठव्या पिढीच्या खालच्याला अकरा उंबऱ्याच्या आत घेत नाही, असं त्याने समजावलं. राहिली दहा. तिचेही दिवस भरत आले होते, पण या प्रोसेसरला झेपेल अशी तीच. तिच्यातही दोन जाती, बत्तीस बिट आणि चौसष्ट बिट. प्रोसेसरला दोन्ही चालत होत्या. काट्याचा प्रोग्राम मात्र बाबा आदमच्या काळातला, तो फक्त बत्तीसवर चालायचा. चौसष्ट टाकली की तो गेला, नवा घ्यावा लागणार.

दुर्गाने त्याला साठ किलोचं सांगितलं. कुणाचे, ते सांगितलं नाही. हेमेंद्र हसला.

"जुना प्रोग्राम हाय भाभी. कधीचा आकडा अटकून बसला असन आतमंदी. रोज त्याच टाइमले बाहेर फेकते."

"मंग नवीन टाकला तं जाईन?"

"प्रोग्रामातच असन तं जाईन. पन मी म्हनतो, बत्तीसच राहू द्या. चौसष्ट चालन, पन हा प्रोसेसर बुढा झाला. सुरू व्हायलेच दहा-बारा मिनिटं खाईन."

"खाऊ द्या. चौसष्टच टाका भाऊ."

संध्याकाळपर्यंत काम उरकलं. जाताना हेमेंद्र नव्या प्रोग्रामचे गुण गात होता. गाडीचा फोटो काढतो, पावती मोबाइलवर धाडतो, उघडल्या उघडल्या काटा आपोआप झिरो करतो, बटन दाबायची कटकट नाही. दुर्गा मान हलवत होती. तिचा जीव उद्याच्या सकाळीत अडकला होता.

आठला मिलची लाइन आली आणि तिने कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर ठिपक्यांचं चक्र फिरू लागलं. आठ पाच झाले, चक्र फिरतच होतं. बाहेर काट्याच्या दवाने ओल्या पत्र्यावर सांडलेलं धान चिमण्या टिपत होत्या. आठ दहाला त्या सगळ्या एकदम उडाल्या. दुर्गाने खिडकीतून पाहिलं. काट्यावर कोणी नव्हतं. आठ बाराला नवा प्रोग्राम उघडला.

शून्य.

तिने डोळे चोळून पुन्हा पाहिलं. शून्यच होतं. वर्षभर छातीवर ठेवलेला धोंडा कोणी उचलावा तसं तिला झालं. हसू आणि रडू एकदमच आलं. तिने दारात जाऊन चैनलालला हाक मारली. तो बिचकत बिचकत आला, वर्षात पहिल्यांदा सव्वाआठच्या आत.

"पाहा चैनलालभाऊ, गेले साठ. मशीनचाच दोष व्हता. ते जित्ते हायेत."

चैनलालने पडद्याकडे पाहिलं आणि डोक्याचा दुपट्टा सोडून घाम पुसला. त्यालाही बरं वाटलं असावं. घरी गेल्या गेल्या सासूला काय काय सुनावायचं ते दुर्गा भडाभडा त्याला सांगत सुटली. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाआठ झाले.

पडद्यावरचा आकडा हलला. उणे साठ.

 उणे साठ म्हणजे काय, हे चैनलालपेक्षा जास्त कोणाला कळणार होतं? त्याचा आवाज खाली गेला.

"उतरला, दुर्गाबाई."

बाहेर चिमण्या परत पत्र्यावर येऊन बसल्या होत्या. गेटवर धानाचा पहिला ट्रक हॉर्न वाजवत होता, आणि उण्यावर गाडी घ्यायची नसते. दुर्गा खिडकीशी गेली. देवीदासने शिकवलं होतं तसं तिने काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहून घेतला. रिकामा होता. मग तिने झिरो दाबला, गाडी वर घ्यायला सांगितली आणि धुरपताबाईला फोन लावून विचारलं, भंतेजींना कोणत्या दिवशी बोलवायचं.