बरणीतलं जावळ

गोरक्ष वाचला. गाठ कॅन्सरची नव्हती. आता हे कुणी बोललंच नाही असं धरू, कारण नारायणगावहून निघताना सुंदराला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पोरगं आयसीयूत होतं आणि त्याच्या मेंदूतली गाठ प्लॅस्टिकच्या बरणीत, तिच्या मांडीवर. ती कसली, ते आळेफाट्याची लॅब सांगणार होती. आपल्याकडं पेशंटचा नातेवाईकच कुरिअर असतो.

पिंपळवंडीपाशी तिनं नवऱ्याच्या पाठीत बुक्की घातली. "थांबवा ओ गाडी. हिला केस हायेत."

दादाभाऊनं बरणी उन्हात धरली. काळेभोर, बोटभर केस. "डोक्यात केस असणारच की."

"भाईर असत्यात! हे आतले. ह्यांना कधी कात्री लागली न्हाई. म्हंजी जावळच हाय, बिरोबाचं. देवाचं देणं आत ऱ्हायलं, म्हणून पोरगं पडलं."

दादाभाऊच्या पिशवीत मेंढरं कातरायची कातर होतीच. त्यानं झाकण काढलं. उग्र वासानं दोघांचे डोळे भरले. कातर चालली, केस पदरात बांधले गेले, तोच फोन वाजला. दवाखान्यात बसलेला धाकटा दीर म्हस्कू बोलत होता.

"वैनी, गोरक्ष झोपंतच वराडला, केस वढू नका म्हणून. आन् डोक्यावर तर एकबी केस न्हाई."

लॅबमध्ये डॉक्टर श्रेयाबाईंनी बरणीत पाहिलं. "हे कुणी कापलं?"

"वाईच कातरलं," सुंदरा म्हणाली.

"ताई, केस कुठून उगवलेत तेच तर पाहायचं असतं! मुळं तरी ठेवलीत का?"

"मेंढरू कातरताना कातडं कापतो का आमी?" दादाभाऊ दुखावला.

रिपोर्टच्या दिवशी बाईंनी दोघांना आत बोलावलं. सूक्ष्मदर्शकाखाली कातडी सापडली होती, केसांची मुळं आणि एक अर्धवट दात. "अशा गाठीला टेराटोमा म्हणतात. मेंदूत फार क्वचित होतो. कच्च्या पेशी कुठंच नाहीत, सगळं पिकलेलं. म्हणजे कॅन्सर नाही."

सुंदरा खालीच बसली. "परत न्हाई ना यायची?"

"सगळी काढलीये. उरलेला तुकडा फॉर्मेलिनमध्ये आहे, त्यात काही जगत नाही," म्हणत बाईंनी फळीवरची बरणी उचलली आणि बोलायच्या थांबल्या.

केस वीतभर झाले होते. मधोमध भांग पाडलेला होता.

"तुमी पाडला का?" दादाभाऊनं अदबीनं विचारलं.

बाईंनी नकारार्थी मान हलवली आणि आधीच घट्ट असलेलं झाकण आणखी घट्ट केलं.

सुंदरानं टेबलावरचा कोरा कागद त्यांच्यापुढं सरकवला. "लिवा, मॅडम. सरकारी भाषेत लिवा. ह्या गाठीला धाक बसला पायजे."

बाईंनी पेन उचललं. एवढ्या शिकलेल्या बाईनं का उचललं, ते बरणीकडं बघितलेल्यालाच कळेल.

"प्रति, मा. तहसीलदार, जुन्नर. विनंती अर्ज सादर करण्यात येतो की, सदर गाठीस चि. गोरक्ष दादाभाऊ याच्या डोक्यात पुन्हा प्रवेश करण्यास, तिचे म्हणणे ऐकून न घेता, कायमची मनाई करण्यात यावी."