आर्डेलाच्या मागे

कॅन्सस सिटीच्या आमच्या बँडमध्ये मी ट्रम्पेट वाजवायचो आणि माझी बायको आर्डेला गायची. तिचं गाणं म्हणजे नाचणाऱ्यांना दम खायला मिळालेली उसंत. एरवी ती कडेच्या खुर्चीत बसून असायची. मग नाचाच्या हॉलमध्ये माइक आला. त्यात ती कानात सांगितल्यासारखं हळू गायली, तसे दम खात बसलेले लोक उठून स्टेजपुढे गोळा झाले.

दुसऱ्या दिवशी तालमीत बँडमास्तर थॅडियस म्हणाले, "लुशियस, तिच्या गाण्यातला तुझा एकट्याचा तुकडा काढलाय."

"मग मी काय करू?"

"तिच्यामागे हळू वाजव."

आर्डेला काहीतरी बोलेल असं मला वाटलं. ती गाण्याचे कागद चाळत राहिली.

घरी जाताना मी विचारलं, "गप्प का बसलीस?"

"सात वर्षं गप्पच बसलेय मी. तेव्हा कधी विचारलंस?"

शनिवारी मी तिच्यामागे हळू वाजवलं. टाळ्या पडत असताना तिनं वळून माझ्याकडे हात केला. मी ट्रम्पेट पुसण्यात गुंतल्याचं सोंग केलं.

महिन्याभरात शिकागोहून एका रेकॉर्ड कंपनीचं बोलावण्याचं पत्र आलं. त्यात तिचं एकटीचंच नाव होतं. स्टेशनवर तिची बॅग मीच गाडीत चढवून दिली.