आडव्या पट्ट्यांचा कठडा

मी एक जुना लोखंडी कठडा आहे, मित्रांनो. तापीकाठच्या एका गावात, हेमकांत पाटलांच्या घरामागच्या स्विमिंग पूलभोवती मी उभा आहे. पूल आता कोरडा आहे. तीन वर्षांपूर्वी त्यात पाणी होते.

माझा जन्म खापर गावात, दलसिंगच्या वेल्डिंगच्या दुकानात झाला. तिथे माझ्या शेजारी दुसरा एक कठडा होता. उंच, उभ्या सळयांचा, आपोआप दार लागणारा. दिसायला अगदी तुरुंग! मी मात्र कमरेइतका, आडव्या पट्ट्यांचा, वर वेलबुट्टी.

"भाऊ, उभ्या सळयासना ल्या," दलसिंग म्हणाला. "आडव्यावर पोरे चढतीन."

"रस्तावरथून पानी दिसाले पाह्यजे ना!" हेमकांत हसले आणि त्यांनी माझ्यावर बोट ठेवले. मी हरखून गेलो. बिलावर मला 'सुरक्षा कठडा' म्हटले होते. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

पाहुणे माझ्याजवळ उभे राहून फोटो काढत. मीही मिरवून घेतले. त्याची आज लाज वाटते.

मग आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, आदला दिवस आला. माहेरवाशिणी आल्या होत्या, घर भरले होते. धुतलेल्या गोधड्या माझ्यावर वाळत टाकल्या होत्या. हेमकांतांच्या पत्नी नूतनताई पुरण शिजवताना खिडकीतून एरवी पाण्याकडे नजर टाकत. त्या दिवशी त्यांना फक्त गोधड्या दिसल्या. त्यांची चार वर्षांची मुलगी रोशनी माझ्या पहिल्या पट्टीवर चढली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. तिचे तळवे गरम होते. मी हललोसुद्धा नाही, मित्रांनो. मला हलता येत नाही.

रोशनी त्या पाण्यात बुडाली. नंतर पाणी उपसून टाकले. तरी नूतनताई रोज दुपारी येतात, माझ्या दाराची कडी लागली आहे का ते पाहतात आणि पुटपुटतात, "मन्हंच ध्यान नव्हतं." हेमकांत ते ऐकतात आणि घरात निघून जातात. माझ्या तिसऱ्या पट्टीवर ते तळवे मला अजून जाणवतात.

गेल्या महिन्यात अक्कलकुव्याचे व्यापारी पारसशेठ पिकअप घेऊन आले. नातीसाठी ते घरी पूल बांधत होते. "कठडा छान आहे, मला द्या," ते म्हणाले. नूतनताई कडीपाशीच होत्या. हेमकांतांनी पान्हा हातात घेतला, एक बोल्ट सैल केला आणि थांबले.

"हाऊ नका लई जाऊ, शेठ. मन्ही रोशनी ह्यावरच चढनी व्हती. दलसिंगनी मले सांगेल व्हतं. मी ऐकं नही." मग ते नूतनताईंकडे वळले. "तुन्ही चूक नव्हती. पसंती मन्ही व्हती."

पिकअप रिकामी गेली. नूतनताई तिथेच खाली बसल्या आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने रडल्या.

मित्रांनो, उद्या मला तोडणार आहेत. तोडू द्या. तुमच्या घरी पाण्याभोवती कठडा घ्यायचा झाला, तर तो शोभतो का हे विचारू नका. घरातल्या सर्वांत लहान मुलाला त्यावर चढता येते का, एवढेच पाहा. आणि कोणी 'हा नको' म्हणाले, तर ते त्याच दिवशी ऐका.