काचेतला करदोडा

व्याख्यानाचं नाव शाळेच्या फळ्यावर मी लिहिलं, कारण आमच्या सातवीत माझ्याइतकं टपोरं अक्षर कोणाचंच नाही: 'परदेशी गेल्यास पाहावीत अशी संग्रहालये'. खडू ठेवते न ठेवते तोच मागून गोपिका म्हणाली, "आपल्यातलं कोण जाऊन राहिलं वं परदेशी?"

"मी!" मी म्हटलं. "आणि आमच्या घरचं एक माणूस तर आधीच गेलंय."

मागच्या वर्षी मी हे बोलले नसते. मोठेबाबांचा विषय निघाला की मान खाली घालायची. यंदा वक्तृत्वात पहिली आले तेव्हापासून माझी मान खाली जातच नाही.

मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, कवडूजी. मी दोन वर्षांची असताना विलायतेत मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे माग मांडून लोकांदेखत विणायला एका कंपनीने त्यांना नेलं. दोन पत्रं आली, मग एकही नाही. कंपनीचा माणूस म्हणाला, तो मधूनच कुठेतरी निघून गेला. तेव्हापासून आमच्या कोष्टीपुऱ्यात एकच गोष्ट, मडमेने ठेवून घेतला. शेजारच्या गोदूबाई तर नळावर घागर लावता लावता मोठ्यांदा विचारायच्या, "काय वं वच्छला, तुही सवत लय गोरी हाय म्हणतेत?"

मोठीआई, म्हणजे मोठेबाबांची बायको, घागर कमरेवर घ्यायची आणि म्हणायची, "गोरी असो का काळी. जिवंत हाय म्हणतं ना तू त्याले? तुह्या तोंडात साखर पडो."

यंदा त्याला बारा वर्षं होत होती. बारा वर्षं ज्याची खबर नाही तो गेला असं धरतात. पळसाच्या पानांचा माणूस बांधतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि घाटावर नेऊन जाळतात. त्या दिवसापासून त्याची बायको विधवा. भटजींनी सोमवार काढून दिला होता आणि बाबा रोज जेवताना तोच विषय काढत.

"वयनी, जीव लटकून राहिला त्याचा. मोकळा करू द्या."

"लटकू दे," मोठीआई ताट सरकवून उठायची. "माह्या कपाळावर लटकला हाय, तुमच्या नाही. खबर आणा मले पक्की. मंग माह्या हातानं पुसतो मी कुकू."

म्हणून मी तिला व्याख्यानाला न्यायचं ठरवलं. व्याख्यान देणाऱ्या कुसुमताई विलायतेत शिकून आलेल्या, दिव्याच्या उजेडाने पडद्यावर दाखवायच्या तिथल्या फोटोंच्या काचा घेऊन येणाऱ्या. प्रदर्शनाची एखादी काच असणारच! तीत मोठेबाबा मागावर बसलेले दिसले, कोणाकडून त्यांचा पत्ता लागला, की बाबांचा सोमवार रद्द. माझा बेत असा पक्का होता.

"संग्रहालय म्हणजे आपल्या अजब बंगल्यासारखंच ना ते?" मोठीआईने विचारलं. "तिथं जिवंत काय ठेवतेत वं पोरी? तो वाघ पाह्यला होता मी. पोटात भुसा न् डोळे काचेचे."

"विलायतेतलं वेगळं असतं," मी ठोकून दिलं.

शाळेच्या खिडक्यांना गोणपाट लावून भर दुपारी अंधार केला होता. पडदा म्हणजे आमच्याच घरची दोन पांढरी धोतरं, मोठीआईनेच काठाला काठ लावून टाचलेली. मुली, त्यांच्या आया, गल्लीतल्या बायका, सगळ्या दाटीवाटीने बसल्या. गोदूबाई सगळ्यांत पुढे.

कुसुमताई छान बोलत होत्या. पॅरिसचं संग्रहालय म्हणजे मूळचा राजवाडा, एका दिवसात होत नाही, पायात हलक्या वहाणा घाला. बर्लिनला एका जुन्या शहराची निळी वेसच्या वेस आणून दालनात उभी केली आहे, ती सकाळी पाहा. मी प्रत्येक नाव वहीत उतरवून त्यापुढे चांदणी काढत होते. सगळीकडे जाणार! मग लंडनच्या काचेवर मिसर देशाची, पट्ट्यांत गुंडाळलेली प्रेतं आली.

"अगं माय!" गोदूबाई ओरडल्या. "जाळत नाहीत वं त्यायले?"

"नाही हो," कुसुमताई हसल्या. "हजारो वर्षं तशीच आहेत. पाहायला तिकीटही नाही."

बायका खिदळल्या. मोठीआई हसली नाही.

"आणि हे एक लहानसं," कुसुमताई म्हणाल्या, "लंडनहून आगगाडीने तासाभरावर. फारसं कोणाला माहीत नाही, पण चुकवू नका. इथे आपल्या नागपूरचा विणकर आहे."

पडद्यावर माग आला. खड्ड्यात पाय सोडून एक माणूस बसलेला, उघडा, कमरेला आखूड धोतर, डोक्याला पागोटं. मोठीआईने माझं मनगट धरलं. नखं रुतली.

मग तिची पकड सुटली. "हा नोहे तो," ती पुटपुटली.

गाल फुगलेले, मिशा पिळलेल्या, एखाद्या नाटकातल्या कोतवालासारखा चेहरा. मला हसू फुटणार होतं, इतकं बरं वाटलं.

"चेहरा मेणाचा आहे, बनवणाऱ्याने मनाने केलेला," कुसुमताई सांगत होत्या. "पण माग, कपडे, अंगावरचा दागिना, सगळं अस्सल. त्याच गोष्टीचा त्या लोकांना अभिमान आहे." आणि त्यांनी पुढची काच सरकवली. कुठलं तरी घड्याळ आलं.

"मागचं लावायले सांग," मोठीआई म्हणाली.

"काय झालं?"

"सांग म्हणतो ना."

मी उभी राहिले. "ताई, मागची काच पुन्हा लावा!"

सगळं दालन वळून बघू लागलं. मुख्य बाईंनी डोळे वटारले, पण कुसुमताईंनी काच लावली. मोठीआई बायकांच्या मधून वाट काढत पडद्याशी गेली. अर्धं चित्र तिच्या पाठीवर पडलं. ती बाजूला झाली आणि त्या मेणाच्या माणसाच्या कमरेपाशी वाकली.

त्याच्या कमरेला चांदीचा करदोडा होता. कड्यांचा. कळ मागावरच्या धोट्याच्या आकाराची, पण इवलीशी. आणि कड्यांमधली एकच कडी काळपट.

ती तांब्याची. मला माहीत होतं, कारण ही गोष्ट ऐकतच मी वाढले. मोठेबाबा निघाले तेव्हा मोठीआईने आपल्या पायातल्या तोरड्या सोनाराकडे आटवून त्यांना करदोडा केला. चांदी पुरेना म्हणून एक कडी तांब्याची घातली. बांधताना ती म्हणाली होती, समुद्रापलीकडे कोणाले सोडू देजो नको.

आमच्याकडचा बाप्या करदोडा उतरवत नाही. बदलायचा तर आधी नवा बांधतात, मग जुना काढतात. तो तोडतात एकदाच, सरणावर ठेवण्याआधी.

मी धावत पुढे गेले. "विकला असेल, मोठीआई," मी तिच्या कानाशी बोलू लागले. "अडचण आली असेल. परक्या गावात माणूस काय करणार? हा विकून दुसरा, साधा, दोऱ्याचा बांधला असेल त्यांनी..." वक्तृत्वात पहिली आलेली मी, मुद्द्यावर मुद्दा देत होते.

"पाह्य ना नीट," ती म्हणाली.

मी पाहिलं. कळ बंदच होती. तांब्याच्या कडीशेजारी करदोडा तुटलेला होता आणि ती तूट काळ्या दोऱ्याने बांधून लपवली होती.

"विकणाऱ्यानं कळ उघडली असती," ती हळू बोलली. "दवाखान्यात काढला असता तं तिथल्या मडमेनंही कळच उघडली असती. सोपी हाय ती. हा तोडला हाय."

"काकू, पडद्याला हात नका लावू हं," कुसुमताई मागून म्हणाल्या.

मोठीआईने हात मागे घेतला. "कोणीतरी होता त्याच्यापाशी," ती म्हणाली. "आपल्याकडचा. रीत माहीत असलेला."

व्याख्यान संपल्यावर तिने मला कुसुमताईंकडे पाठवलं, तिथल्या वस्तू परत मागता येतात का ते विचारायला. त्या हसून म्हणाल्या, "अगं वेडे, संग्रहालयात गेलेली वस्तू बाहेर येत नसते." मी खरं सांगणार, तेवढ्यात मागून येऊन मोठीआईने माझा हात दाबला. मी फक्त त्या गावाचं नाव विचारून घेतलं.

घरी बाबा मागावर होते. ती दारातच उभी राहून म्हणाली, "भाऊजी, सोमवारी पानं आणा."

बाबांनी पाय खड्ड्यातून वर घेतले. ती सगळं सांगेपर्यंत ते तसेच बसून होते. शेवटी एवढंच म्हणाले, "म्हणजे पळाला नव्हता दादा."

"नाही," मोठीआई म्हणाली. "पळाला असता तं बरं झालं असतं."

सोमवारी ओसरीत पानांचा माणूस तयार झाला. तिने ताण्याचं सूत घेऊन मांडीवर पीळ दिला आणि त्याच्या कमरेला करदोडा बांधला. भटजी म्हणाले, बाई, याची गरज नाही. "त्याचा तिकडं राहिला," ती म्हणाली. "हा नागवा जाऊ नाही." मग पुरुषांनी उचलण्याआधी तिने तो स्वतःच तोडला.

ते घाटाकडे गेल्यावर बांगड्या फोडायला बायका जमल्या. मी भाषण तयार करून ठेवलं होतं. कोणी हात लावायचा नाही, काळ बदलला आहे, असं सगळं. पण मोठीआईने दोन्ही हात पुढे केले ते गोदूबाईंसमोर.

"तू फोड."

गोदूबाई मागे सरकल्या. त्यांना रडू फुटलं. "माह्या हातानं नाही होत वं, वच्छला."

"बारा वर्षं तोंडानं केलं ना? आता हातानं कर."

गोदूबाईंनी दगड उचलला. मी ओसरीतले हिरवे तुकडे वेचले, कारण मोठीआई अनवाणी होती.

वहीतल्या बाकीच्या चांदण्या मी खोडल्या आहेत. एकच ठेवली आहे, त्या विणकराच्या गावापुढची. कुसुमताई म्हणतात, त्या गावी रविवारी गर्दी फार असते, मुलंबाळं घेऊन लोक येतात. मी आडवारी जाईन.